फिफ्थ व्हीलच्या मागे सायकल रॅक लावायचाय? बंपर सोडा, फ्रेम धरा

प्रश्न विचारणाऱ्या दादांचं म्हणणं थोडक्यात असं की ते न्यू जर्सीत राहतात, यंदा एक जुनं ३४ फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकने ओढायचं राहतं घर, घेतलंय, घरात दोन ई-बाइक आणि मुलांच्या दोन छोट्या सायकली आहेत, ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या हौद्यात, ते जोडायचा हिच बसल्यामुळे तिथे जागा उरली नाही, आणि ज्याच्याकडून ट्रेलर घेतला तो म्हणतोय की मागच्या बंपरला दोन इंची रिसीव्हर, म्हणजे रॅकचा दांडा घालायची चौकोनी नळी, वेल्ड करून देतो, तासाभराचं काम आहे, मग कुठलाही चार सायकलींचा रॅक घाला आणि निघा. करू का?

नाही. करू नका.

आता का नको ते जरा पाल्हाळ लावून सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की माणूस दुसऱ्याला विचारतो आणि तो दुसरा हो म्हणतो. माझं म्हणाल तर वडिलांचं भोसरीला फॅब्रिकेशनचं शेड होतं, शाळेत असल्यापासून हातात ग्राइंडर आहे, गेली २२ वर्षं ह्यूस्टनच्या पश्चिमेला ट्रेलरच्या हिच आणि चासीचं काम करतो आणि ११ वर्षं स्वतः फिफ्थ व्हील ओढतोय. आणि हो, बंपरला रिसीव्हर वेल्ड करायचा गाढवपणा मी स्वतः करून बसलोय, त्यामुळे हे पुस्तकी ज्ञान नाही.

जे भारतातून वाचताहेत त्यांच्यासाठी एवढंच, की फिफ्थ व्हील म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात, बरोबर मागच्या एक्सलच्या वर, पिनवर जोडलेलं राहतं घर. जेएनपीटीहून कंटेनर घेऊन येणारा ट्रेलर घोड्याला, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या भागाला, जसा जोडलेला असतो तसंच, फक्त आत किचन आणि बेडरूम. साधा ट्रेलर ट्रकच्या पाठीमागे गोळ्यावर जोडतात, त्याला इथे बंपर पुल म्हणतात. हा फरक पुढे लागणार आहे म्हणून सांगितला.

तर माझी गोष्ट. पहिल्याच वर्षी मी आमच्या ट्रेलरच्या मागच्या चौकोनी बंपरला रिसीव्हर वेल्ड केला. वेल्ड झकास होता, आजही सांगतो, कुणालाही दाखवावा असा. त्यावर दोन साध्या सायकली घालून लुइझियानातून पूर्वेकडे निघालो, आय-१० हायवेवर अचाफलायाचा तो १८ मैलांचा पूल आहे, ज्यांनी तिथून गाडी नेलीय त्यांना माहितीय, जॉइंटवर जॉइंट, धडधड धडधड धडधड चालूच असतं. पूल संपून थोडं पुढे गेल्यावर मागचा एक ट्रकवाला लाइट मारायला लागला, मला वाटलं ओव्हरटेक करायचंय, मी बाजूला झालो, तो शेजारी येऊन हाताने मागे बघ मागे बघ करतोय. थांबून बघतो तर रॅक जमिनीला टेकायला चार बोटं उरलेली, एका सायकलचं चाक रस्त्यावर घासून टायर पार गेलेला. आणि गंमत म्हणजे माझा वेल्ड जसाच्या तसा! बंपर ज्या दोन पट्ट्यांनी फ्रेमला जोडलेला असतो त्यातल्या एका पट्टीचा कारखान्यातला वेल्ड उकलला होता आणि अख्खा बंपर चहाच्या कपाच्या कानासारखा पिळला गेला होता. मी माझं जोडकाम तपासत बसलो आणि ज्याला जोडलं तो पाइप कशाला जोडलाय हे बघितलंच नाही. सायकली नशिबाने मागच्या गाडीच्या काचेवर गेल्या नाहीत. हायवेवर ६५ मैल वेगात मागून येणाऱ्या माणसाच्या काचेवर ५० पाउंडाचं लोखंड, नुसता विचार करून बघा.

बंपर हा शब्दच फसवा आहे मुळात. गाडीचा बंपर जसा धक्का घ्यायला असतो तसा हा नसतो. हा ४ इंची चौकोनी पाइप असतो, पत्रा साधारण ३ मिलिमीटर, कधी त्याहून पातळ, आणि त्याचं खरं काम म्हणजे संडासाच्या टाकीचा पाइप आत ठेवणे. दोन्ही बाजूंची प्लास्टिकची टोपणं काढून बघा, आत तोच पाइप दिसेल. फार तर एक स्टेपनी टांगायची. बऱ्याच ट्रेलरच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की यावर स्टेपनीशिवाय काही लावू नका, आणि ते मॅन्युअल सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत न उघडलेलं पडलेलं असतं.

आणि मुद्दा नुसत्या वजनाचा असता तर एक वेळ ठीक होतं. तुमच्या दोन ई-बाइक प्रत्येकी ६५ पाउंड धरल्या तर १३०, आणि रॅक ६० पाउंडाचा, झाले १९०. म्हणजे एक धिप्पाड माणूस बंपरवर उभा राहिला तेवढंच, बंपर एवढ्याने मोडत नाही. पण तो माणूस बंपरवर उभा नाहीये, बंपरच्या मागे वीसेक इंच हवेत लटकतोय. १९० पाउंड गुणिले २० इंच, म्हणजे साधारण ३१७ फूट-पाउंडाचा पीळ त्या पाइपला बसतोय. ट्रकच्या चाकाचे नट आपण साधारण दीडशे फूट-पाउंडाला आवळतो, लांब पाना घेऊन, दात ओठ खाऊन. त्याच्या दुप्पट पीळ, तोही ट्रेलर उभा असताना. चालायला लागला की गोष्टच वेगळी.

लाल डब्यात शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलाय ना कधी? ड्रायव्हरच्या मागे बसलेले आजोबा डुलक्या काढत असतात आणि शेवटच्या बाकावरचा माणूस प्रत्येक खड्ड्याला टपाला डोकं आपटून घेतो. बस तीच, खड्डा तोच. पण शेवटचा बाक मागच्या चाकाच्याही मागे आहे, त्यामुळे तिथे उसळी सगळ्यात जास्त. फिफ्थ व्हीलमध्ये तर एक्सलच्या मागे दहा-बारा फूट शेपूट असतं आणि तुमचा रॅक त्या शेपटाच्याही मागे तीन फूट. खड्ड्यात चाक गेलं की शेपूट आधी खाली जातं मग वर फेकलं जातं, त्या क्षणी १९० पाउंडाचे दोन-तीनपट झाले असं धरूनच चालायचं. आणि हे एकदा नाही, न्यू जर्सीहून टेनेसीच्या स्मोकी माउंटनला जाईपर्यंत हजारो वेळा. तार हाताने खालीवर वाकवत राहिलं की तुटते ना, तेच इथे चालू असतं. म्हणून "आमचा तर दोन वर्षं टिकला" हे उत्तर मला कधीच पटत नाही, तार मोडते तेव्हा शेवटच्या वाकवण्यालाच मोडते.

याच कारणासाठी कारच्या मागे लावायचे चांगले चांगले महागडे रॅकसुद्धा ट्रेलरच्या मागे चालत नाहीत. कारचा रॅक कारच्या हिशोबाने केलेला असतो. बॉक्सवरचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच कंपन्या ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरवर वापरायला स्पष्ट मनाई करतात आणि वॉरंटी नाकारतात, काही जण वापरा म्हणतात पण सायकलींची संख्या किंवा वजन निम्म्यावर आणतात. रॅक घेताना त्यावर आरव्हीसाठी, म्हणजे चाकांवरच्या घरासाठी, मान्य असं स्वच्छ लिहिलेलं पाहिजे, आणि तेही स्वतःचं इंजिन असलेल्या मोटरहोमसाठी की ओढायच्या ट्रेलरसाठीसुद्धा, ते विचारून घ्या, कारण दुकानदार दोन्ही एकच समजतात. हॉलीवूड रॅक्सचा आरव्ही रायडर हा त्यातला एक, दोन ई-बाइक, प्रत्येकी ८० पाउंडापर्यंत. माझं काही त्यांच्याशी देणंघेणं नाही, अशा प्रकारचा रॅक कसा असतो ते कळावं म्हणून नाव घेतलं.

रॅक कसला? ज्यात सायकल चाकांवर उभी राहते, तसा ट्रेवाला. दांड्याला लटकवायचा रॅक ट्रेलरच्या मागे अजिबात नको, सायकली एकमेकींवर आपटत राहतात, ई-बाइकचा दांडा जाड असतो तो धड बसत नाही, आणि कार्बन फ्रेम असेल तर क्लॅम्प दांड्यावर घट्ट आवळायचाच नाही.

आता खरं काम, रिसीव्हर कुठे लावायचा.

ट्रेलरच्या खाली झोपा. हो, खरंच खाली झोपा, जुनी चटई घ्या, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि टॉर्च घेऊन मागून आत सरका. तुम्हाला दोन लांब आय-बीम दिसतील, पुढून मागे गेलेले, १० किंवा १२ इंच उंच. ती तुमची फ्रेम. मागच्या टोकाला बघा, बऱ्याचदा हे बीम बंपरच्या आधीच संपलेले असतात आणि पुढचं काम पातळ पट्ट्यांनी किंवा छोट्या चॅनेलने निभावलेलं असतं. माझा घात त्या पट्टीनेच केला. रिसीव्हरचा आडवा पाइप या पट्ट्यांच्या पुढे, म्हणजे एक्सलच्या बाजूला, जिथे पूर्ण उंचीचा बीम आहे तिथे दोन्ही बीमना धरला पाहिजे. डावा आणि उजवा, दोन्ही. एकाच बाजूला नाही आणि मधल्या एखाद्या आडव्या अँगलला तर नाहीच नाही.

बाजारात आरव्हीसाठी रिसीव्हरसकट कमी-जास्त रुंदीचे ॲडजस्टेबल हिच मिळतात, आडवा पाइप आत-बाहेर सरकतो आणि दोन्ही टोकांच्या प्लेटी बीमला बोल्ट करायच्या. ९० टक्के लोकांसाठी हाच बरा. मी वेल्डर असून सांगतोय. बोल्टचं काम पुन्हा तपासता येतं, सैल झालं तर आवळता येतं, आणि उद्या ट्रेलर विकायचा तर काढून ठेवता येतं. मापं घेऊन या: दोन बीमच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, बीमची उंची, फ्लँजची म्हणजे बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची रुंदी, बीमच्या टोकापासून बंपरच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप सगळे विसरतात आणि मग हिच बसतो पण रिसीव्हरचं तोंड बंपरच्या खाली आत राहतं आणि रॅक फोल्ड करताना बंपरला आपटतो. मग लोक एक्स्टेन्शन लावतात. एक्स्टेन्शन लावलं की हिचची क्षमता निम्मी झाली असं समजा, पीळ लांबीबरोबर वाढतो ना. त्यापेक्षा लांब मानेचाच हिच शोधा.

भोकं पाडायची वेळ आली तर आय-बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला, ड्रिल लावू नका. बीम वाकतो तेव्हा सगळा ताण त्या दोन पट्ट्यांत असतो, मधला उभा पत्रा त्या मानाने निवांत असतो, भोक पाडायचंच तर तिथे मध्यावर. वेल्डलाही तेच लागू आहे, खालच्या फ्लँजवर आडवा वेल्ड मारला तर तिथूनच भेग सुरू व्हायची. एखादा म्हणाला की मारतो खालून चार टाके, तर नमस्कार करून निघा. भोक पाडायच्या आधी पलीकडे काय आहे ते बघा. पोटाखालचं ते काळं प्लास्टिक शीट थोडं सोडवून आत हात घाला, गॅसचा पाइप, ब्रेकची वायर, टाकीचा पाइप, सगळं फ्रेमला चिकटूनच नेलेलं असतं. आणि वेल्डिंग करून घेणारच असाल तर ट्रक सोडवून बाजूला लावा, ट्रेलरच्या बॅटरीची वायर काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी, आणि वरच्या बाजूला लाकडी फ्लोअर आणि इन्सुलेशन आहे हे लक्षात ठेवून एक माणूस पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा. यात मस्करी नाही, धग लागून तासाभराने धूर निघालेला मी पाहिलाय.

बोल्ट हिचबरोबर आलेलेच वापरा, कागदावर लिहिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचनेच आवळा, आणि आवळून झालं की नट आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पुढे कधीही खाली वाकून बघितलं आणि रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. वडील सगळीकडे अशी रेघ मारायचे, तेव्हा मला हसू यायचं.

रिसीव्हर २ इंची घ्या. सव्वा इंची रिसीव्हरला अडॅप्टर लावून मोठा रॅक घालायचा नाही, प्रत्येक जोड म्हणजे एक खुळखुळा. रॅकचा दांडा रिसीव्हरमध्ये जो थोडा हलतो तोही बंद करा, एकतर आटे असलेली पिन घ्या जी दांड्याला एका बाजूला खेचून धरते, नाहीतर यू-बोल्टचा टाइटनर. मग परीक्षा: सायकल चढवा, तिचं चाक धरून जोरात हलवा. रॅक हलला तर काम अजून झालं नाही. ट्रेलर हलला तर झालं.

हिचवर किती वजन चालतं ते त्याच्या स्टिकरवर असतं, त्यात दोन आकडे असतात, ओढायचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, आपल्याला टंग वेटचा, म्हणजे हिचवर खाली दाबणाऱ्या वजनाचा, छोटा आकडा लागतो. आणि तोही मी निम्माच धरतो, शेवटच्या बाकाचं आठवा. म्हणजे ३५० पाउंड लिहिलं असेल तर माझ्या हिशोबी १७५. तुमचे १९० झाले होते ना? मग ई-बाइकच्या बॅटऱ्या काढा, एक बॅटरी साधारण ७-८ पाउंडाची असते, दोन काढल्या की १७५ वर आलोच. तशाही त्या काढायच्याच असतात, पावसात आणि धक्क्यात मागे बॅटरी ठेवून काय मिळवायचंय. ट्रेलरमध्ये गादीवर ठेवा, उन्हात तापलेल्या ट्रकच्या सीटवर नको.

आता वजनाचं गणित, हे जरा किचकट आहे पण एकदा समजून घ्या. समजा तुमचा ट्रेलर भरलेला १२,००० पाउंडाचा, त्यातले २,४०० पिनवर म्हणजे २० टक्के, आणि बाकी ९,६०० एक्सलवर. पिनपासून एक्सलच्या मध्यापर्यंत २२ फूट आणि एक्सलपासून रॅकच्या मध्यापर्यंत १३ फूट. मागे १९० पाउंड टांगले की एक्सलवर १९० वाढत नाहीत, ३०२ वाढतात! कारण सी-सॉ आहे तो, मागे दाबलं की पुढचं उचललं जातं, पिनवरचे ११२ पाउंड कमी होऊन तेही एक्सलवर येतात. पिन २,४०० वरून २,२८८ वर आली, अजूनही १९ टक्क्यांच्या आसपास, फिफ्थ व्हीलला काही फरक पडत नाही. पण एक्सल ९,९०० ला पोचला. दोन ७,००० चे एक्सल असतील तर आरामात आहात, दोन ५,२०० चे असतील तर मर्यादा १०,४०० आणि तुम्ही ५०० पाउंडावर आलात, त्यात पाण्याची टाकी भरून निघालात तर संपलंच. डाव्या बाजूच्या भिंतीवर पुढे स्टिकर असतो त्यावर एक्सलची मर्यादा लिहिलेली असते, टायरवर टायरची. आणि अंदाज करत बसू नका, बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणजे वजनकाटा असतो, एकदा सायकलींशिवाय आणि एकदा सायकलींसकट वजन करून घ्या, ट्रकचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असे वेगवेगळे आकडे कागदावर मिळतात.

हेच गणित बंपर पुलला लावलं की पोटात गोळा येतो. ६,००० पाउंडाचा ट्रेलर, गोळ्यावर ७००, गोळ्यापासून एक्सल १६ फूट आणि एक्सलपासून रॅक १२ फूट. तेच १९० पाउंड मागे टांगले की गोळ्यावरचे १४२ कमी होऊन ५५८ उरतात, म्हणजे ९ टक्के. १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा का ते हलणं वाढत गेलं की ब्रेक मारूनही आवरत नाही. म्हणून माझा मेहुणा जेव्हा "तुझ्या फिफ्थ व्हीलला चालतं मग माझ्याला का नाही" म्हणतो तेव्हा मी त्याला हा कागद काढून दाखवतो. बंपर पुलवाल्यांनी सायकली पुढे, त्रिकोणी दांड्यावर घ्याव्यात, त्याचे वेगळे रॅक मिळतात.

चार सायकलींचं काय? माझं स्पष्ट मत, चार सायकलींचा रॅक नका घेऊ. चौथी सायकल सगळ्यात लांब असते आणि पीळ तिचाच सगळ्यात जास्त. शिवाय लांबी, टेक्सासात सामान मागे ४ फूट किंवा जास्त बाहेर आलं तर दिवसा लाल झेंडा आणि रात्री दिवा लागतो, तुमच्याकडचा नियम आणि वाटेतल्या राज्यांचा नियम बघून घ्या. मुलांच्या छोट्या सायकली ट्रेलरच्या आत, बाथरूमसमोरच्या पट्ट्यात जुनी चादर अंथरून आडव्या, स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत घेतल्यावर जागा राहते का ते मात्र आधी बघा. किंवा ट्रकच्या मागच्या सीटवर, मुलं कुरकुर करतील, करू दे. काही जण ट्रकच्या पुढे रिसीव्हर लावून सायकली तिथे नेतात, चालतं, पण टेक्सासच्या उन्हात चढावर १२,००० पाउंड ओढताना रेडिएटरसमोर सायकलींची भिंत उभी करायची माझी तयारी नाही. मागच्या शिडीला अडकवायचे रॅक मिळतात त्यांच्याबद्दल काय बोलावं, ती शिडी भिंतीच्या पातळ फायबरला मोजक्या स्क्रूंनी धरलेली असते. स्क्रू उपटला की पाणी आत, आणि पाणी आत गेलं की भिंत कुजली.

सायकली चढवल्यावर बांधणं. रॅकचे स्वतःचे पट्टे असतातच, त्यावर दोन कॅम स्ट्रॅप, म्हणजे बकलने आवळायचे पट्टे, वेगळे, रॅकच्या दोन बाजूंपासून फ्रेमच्या दोन कोपऱ्यांना तिरके, म्हणजे डावी-उजवी डुलणी थांबते. लहानपणी एसटीच्या टपावर सायकल काथ्याने बांधताना कंडक्टर ओरडायचा "हँडल बांध रे आधी", ते इथेही खरं आहे, हँडल मोकळं राहिलं की चाक वळतं आणि सगळं सैल पडतं. दोन सायकली जिथे घासतात तिथे पाण्याच्या पाइपला लावायचं फोम गुंडाळा. कव्हर घालू नका. पाऊस लागू नये म्हणून लोक प्रेमाने कव्हर घालतात आणि त्याचं शीड होतं, कितीतरी रॅकवाले प्रवासात कव्हरला मनाई करतात ते उगाच नाही.

दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाते का ते रात्री कुणालातरी २०-२५ पावलं मागे उभं करून तपासा. झाकली जात असेल तर प्लेट रॅकवर घ्या आणि तिला लाइट द्या, पोलिसाला आयतं कारण कशाला. मागचा कॅमेराही सायकलींमुळे आंधळा होतो.

दोन गोष्टी कुणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम. एक, ट्रक सोडवताना आपण ट्रेलरचं नाक वर उचलतो, आणि नाक वर म्हणजे शेपूट खाली. जागा उताराची असली तर रॅक जमिनीला टेकतो, वर वजन येतं आणि दांडा वाकतो. ट्रक सोडवायच्या आधी सायकली उतरवा. दुसरं, पेट्रोल पंपावर उजवीकडे तीव्र वळण घेतलं की शेपूट डावीकडे फेकलं जातं, रॅकमुळे ते तीन फूट लांब झालंय, आणि हँडल नेमकं पंपाच्या खांबाच्या उंचीला येतं. मी खांबाला हँडल लावलेलं नाही, पण बायकोने वेळेवर किंचाळून वाचवलंय.

निघाल्यावर पहिल्या १० मैलांत थांबा, मग ५० मैलांनी, मग प्रत्येक चहाच्या थांब्याला हात लावून बघा. मी एकदा जुना मोबाइल मागच्या खिडकीला आतून टेपने चिकटवून रॅकचा व्हिडिओ घेतला होता. ६० ला रॅक शांत होता, ७० ला तोच रॅक अक्षरशः थरथरत होता, रस्ता तोच. मग कळलं की ट्रेलरची चाकंच बॅलन्स केलेली नव्हती, बऱ्याच ट्रेलरची नसतात, चारही चाकं बॅलन्स करून घेतली आणि थरथर निम्म्याहून कमी झाली. तेव्हापासून ६२-६३ च्या वर मी जातच नाही, लोक हॉर्न मारतात, मारू दे.

एवढं सगळं सायकलींसाठी कशाला, असं मनात येत असेल तर मे ते सप्टेंबरमध्ये बुधवारी स्मोकीजच्या केड्स कोव्ह या दरीत जा. ११ मैलांचा लूप रोड त्या दिवशी मोटारींना बंद असतो. आम्ही जवळच्या टाउनसेंड गावात ट्रेलर लावतो, सकाळी सायकली घेऊन जातो, धुकं असतं, हरणं रस्त्यात उभी असतात, चढ बऱ्यापैकी आहेत म्हणून ई-बाइकचं सार्थक होतं.

तर आता एक करा, त्या माणसाला वेल्डिंगला नाही सांगा, आणि ट्रेलरखाली झोपून दोन्ही बीमच्या शेवटच्या दोन फुटांचे फोटो काढा, टेप लावून, आकडे दिसतील असे, एक फोटो बाजूने आणि एक खालून. बंपरची पट्टी बीमला कुठे जोडलीय ते त्यात दिसलं पाहिजे. स्टिकरचाही एक फोटो. ते बघून मी सांगतो बोल्टचा हिच बसेल की प्लेट बनवून घ्यावी लागेल.